कुंडी बदलायची तर आधी मुळं बघा: घरातल्या मोठ्या कॅटलियाबद्दल

आमच्या ठाण्याच्या बाल्कनीत एक कॅटलिया आहे, म्हणजे मोठ्या फुलांचं ऑर्किड. आठ वर्षांपूर्वी चार इंची कुंडीत आणली तेव्हा तिला जेमतेम तीन बल्ब (खोडाचे जाड उभे दांडे) होते, या फेब्रुवारीत मोजले तर चौदा. दहा इंची कुंडी तिला पुरेना, पुढचे दोन बल्ब काठ ओलांडून हवेत लटकत होते आणि त्यांची मुळं कुंडीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून पार खाली ग्रिलपर्यंत गेलेली. घरी येणारं प्रत्येक जण म्हणायचं, अगं हिची कुंडी बदल ना, किती अवघडलीये बिचारी, आणि मी म्हणायचे थांबा, अजून नवीन मुळं फुटली नाहीत. आता मुळं तर ढीगभर दिसतायत, मग "फुटली नाहीत" म्हणजे काय, हे समजावून सांगायला बसले की अर्धा तास जातो, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

कारण माझी एक कॅटलिया मी अशीच गमावलीये. पावसाळ्यात सगळी झाडं लावतात, रोपं धरतात, म्हणून जुलैमध्ये तिची कुंडी बदलली. नवीन फुटवा तेव्हा अर्धवट वाढलेला, मुळं चांगली चार-पाच इंच लांब झालेली, ती काढताना पटापट मोडली, आणि वर सलग पंधरा दिवस पाऊस. ऑगस्टअखेर बल्ब काळे पडून मऊ झाले. पाणी, ऊन, खत सगळं बरोबर होतं, फक्त वेळ चुकली होती.

ही वेळ कळायला झाड मुळात वाढतं कसं ते बघायला लागतं. आल्याचा गड्डा आठवा. तो खाली खोल जात नाही, आडवा सरकतो, एका बोटाला दुसरं बोट फुटतं. कॅटलियाचं खोड तसंच, फक्त ते मातीत नसून वर उघड्यावर असतं, आणि दर वर्षी एकेक पाऊल पुढे टाकतं. प्रत्येक पावलाला एक उभा जाड बल्ब, त्याच्या डोक्यावर एक किंवा दोन चामड्यासारखी पानं. याला पुस्तकात स्यूडोबल्ब म्हणतात, आपण बल्ब म्हणू, कारण नर्सरीतही तसंच म्हणतात. बल्ब म्हणजे झाडाची पाण्याची टाकी. आणि फुलण्याचं गणित केळीसारखं, एक बल्ब फुलतो तो एकदाच, पुढच्या वेळी फूल येणार ते पुढच्या नवीन बल्बवर. पण केळीचा खुंट आपण काढून टाकतो तसा हा जुना बल्ब काढायचा नाही, तो अजून कितीतरी वर्षं पाणी आणि अन्न साठवून पुढच्यांना पुरवत असतो. पान गळलेला, सुरकुतलेला मागचा बल्बसुद्धा हिरवा असेल तर कामाचा आहे.

आता मुळं. ही झाडं मुळात दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. बांडगूळ नव्हे हां, हा गैरसमज फार आहे, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस पितं, ऑर्किड फक्त सालीला धरून बसतं, आपल्या सह्याद्रीतल्या आंब्या-जांभळांवरची ऑर्किडंही तशीच बसतात. त्यांना पाणी मिळतं ते पावसाचं, तेही सालीवरून ओघळून जाताना. त्यामुळे मुळाची रचना अशी की आत तारेसारखा बारीक धागा आणि त्याच्याभोवती स्पंजसारखा जाड थर. या थराला व्हेलामेन म्हणतात, तो मेलेल्या पोकळ पेशींचा असतो, पाणी पडलं की सेकंदात शोषून घेतो आणि मग सावकाश आतल्या धाग्याला देतो. कोरडं मूळ रुपेरी पांढरं दिसतं, ओलं झालं की हिरवं, आणि हाच पाणी कधी द्यायचं याचा सगळ्यात सोपा मीटर आहे, बोट खुपसून बघायची गरज नाही. पण हाच स्पंज सतत ओला राहिला तर त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. म्हणून माती नाही, शेणखत नाही, गांडूळखत नाही. लोकांना वाटतं एवढं मोठं झाड नुसत्या कोळशावर आणि विटांच्या तुकड्यांवर कसं जगेल, तर ते त्याच्यामुळेच जगतं, कारण तुकड्या-तुकड्यांमधून हवा खेळते.

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी मी थांबले होते. कॅटलियाची जुनी मुळं एकदा उखडली की नव्या कुंडीत ती फारशी रुजत नाहीत, काही जगतात, बाजूने थोडे फाटे फोडतात, पण बरीचशी हळूहळू मरतात. झाड नव्या कुंडीला धरणार ते नवीन मुळांनी. आणि नवीन मुळं काही वर्षभर येत नाहीत, ती येतात नव्या फुटव्याच्या बुडापासून, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उसाच्या कांडीवर डोळा असतो तसा शेवटच्या बल्बच्या पायथ्याशी डोळा असतो, तो फुगतो, त्यातून फुटवा येतो, आणि फुटव्याच्या बुडाला आधी हिरवे किंवा लालसर टोकाचे बारीक फोड येतात, मुगाच्या दाण्याएवढे. ते फोड म्हणजे मुळं. तो आठवडा-दोन आठवडे हीच कुंडी बदलायची वेळ. त्याआधी बदललं तर झाड मुळांवाचून महिनोन्महिने बसून राहतं आणि बल्बमधलं पाणी खातं. त्यानंतर बदललं तर मुळं बोटभर लांब झालेली असतात आणि काचेसारखी तटकन मोडतात, आणि मोडलेलं टोक परत वाढत नाही.

माझ्याकडे हे फोड साधारण गुढीपाडव्याच्या आसपास दिसतात. पण तुमच्याकडेही तेव्हाच दिसतील असं नाही, आणि मी महिना सांगायला कचरते ते यासाठीच. काही हायब्रिड, म्हणजे संकरित झाडं, फुटवा दोन इंच झाला की मुळं सोडतात, काही अख्खा बल्ब पूर्ण वाढून तयार होईपर्यंत एकही मूळ सोडत नाहीत. ज्यांचे बल्ब उसासारखे बारीक उंच आणि वर दोन पानं असतात त्यांच्या बाबतीत तर अजिबात घाई करू नका, ती जात चुकीच्या वेळी हलवली की रुसतेच. झाड नवीन असेल तर एक वर्ष नुसतं बघा आणि फुटवा कधी आला, मुळं कधी आली, फुलं कधी आली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. एवढी एक नोंद दुसऱ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

थोडं लेबलबद्दल, कारण मोठी फुलं देणारं झाड आणायला गेलात की लेबल बघून गोंधळ होतो. माझ्या झाडावर लिहिलंय "आरएलसी. अल्मा की 'टिपमाली'", पिवळं फूल, लाल ओठ (म्हणजे फुलाची खालची वेगळी पाकळी), सुगंध. आरएलसी म्हणजे रिन्कोलेलियोकॅटलिया, म्हणजे रिन्कोलेलिया आणि कॅटलिया या दोन ऑर्किड गटांचा संकर. जुन्या लेबलवर हेच बीएलसी म्हणजे ब्रासोलेलियोकॅटलिया असं असतं, झाड तेच, वनस्पतीशास्त्रज्ञांनी मधल्या काळात गटांची नावं बदलली म्हणून अक्षरं बदलली. मधलं नाव, अल्मा की, हे त्या दोन आईबापांच्या सगळ्या मुलांचं सामायिक नाव. आणि अवतरणातलं 'टिपमाली' हे त्या भावंडांतल्या एका निवडलेल्या झाडाचं. म्हणजे अवतरणातलं नाव असेल तर फूल चित्रातल्यासारखंच येणार हे जवळपास नक्की, नसेल तर भावंडांसारखा फरक पडू शकतो. या नावांची नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९६१ पासून ठेवते, त्याआधी सँडर या ऑर्किड नर्सरीवाल्यांच्या यादीत व्हायची.

ओठाला जी झालर असते, काही हायब्रिडना तर अगदी झिरमिळ्यांसारखी, ती आली रिन्कोलेलिया डिग्बियाना नावाच्या मध्य अमेरिकेतल्या एका जंगली ऑर्किडकडून, होंडुरासचं ते राष्ट्रीय फूल. त्याचा रात्रीचा लिंबासारखा वासही कित्येक मुलांत उतरलाय. संकर करून ऑर्किडला फूल आणणं पहिल्यांदा जमलं ते १८५६ मध्ये, इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या व्हिच यांच्या नर्सरीतल्या जॉन डॉमिनी या माळ्याला, पण पुढची कित्येक वर्षं ही झाडं श्रीमंतांचीच राहिली. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया, पण बी म्हणजे धूळच, आत अन्नसाठा जवळजवळ शून्य, जंगलात विशिष्ट बुरशीने पोसलं तरच रुजणार. अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं की बुरशीशिवायही साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) हे बी रुजतं. मग १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी फुटव्याच्या टोकाच्या कणभर पेशींपासून ऑर्किडची हुबेहूब रोपं करून दाखवली, आणि म्हणून आज ठाण्यातली बाई बाल्कनीत 'टिपमाली' लावू शकते. जंगलातून ओरबाडून आणलेलं ऑर्किड म्हणूनच कुणी विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, प्रयोगशाळेत वाढलेलं झाड सहज मिळतं, आणि घाटातल्या फांदीवरून काढलेलं बाल्कनीत बहुतेक वेळा जगतही नाही.

तर मार्चच्या शेवटी फोड दिसले. कुंडी बदलायची, पण का बदलायची हेही सांगते, कारण नुसतं झाड बाहेर आलंय एवढं कारण पुरेसं नाही, बाहेरची मुळं हवेत मजेत असतात. खरं कारण आतलं मिश्रण. साल, सोडणं ही दोन-तीन वर्षांत कुजून बारीक होतात, फटी बुजतात, पाणी धरून ठेवतात. खताचे आणि पाण्यातले क्षार साठतात, कुंडीवर पांढरा थर दिसतो तो तोच. वास घेऊन बघा, चांगल्या मिश्रणाला पावसानंतरच्या रानाचा वास येतो, बिघडलेल्याला आंबूस. आणि इथे एक फसगत होते, मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, बल्ब सुरकुततात, आपल्याला वाटतं तहान लागलीये, आपण अजून पाणी घालतो. सुरकुतलेले बल्ब आणि ओली कुंडी एकत्र दिसली तर पाणी थांबवा आणि मुळं तपासा. हे झाड मी आणलं तेव्हा घट्ट मॉसमध्ये, म्हणजे सुकवलेल्या शेवाळात, बसवलेलं होतं आणि विकणाऱ्याने रोज पाणी घाला म्हणून सांगितलं होतं, मी घरी येऊन मॉस काढलं तर अर्धी मुळं मऊ. मॉस वाईट नाही, पण ठाण्यासारख्या दमट हवेत मोठ्या झाडाला ते फार ओलं पडतं.

मिश्रण मी असं करते. दोन वाट्या लाकडी कोळसा, एक वाटी जुन्या विटांचे तुकडे, एक वाटी पाइनची साल. तुकडे आवळ्याएवढे, बारीक चुरा चाळून टाकून द्यायचा, चुरा हाच शत्रू. विटांना सिमेंट-चुना लागलेला नको. सगळं रात्रभर पाण्यात भिजवायचं म्हणजे धूळ जाते आणि कोरडा कोळसा नव्या मुळांचं पाणी ओढत नाही. नारळाची सोडणं कोकणात फुकट मिळतात आणि चालतातही, पण चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून त्यातला तपकिरी रंग आणि मीठ काढायला हवं, आणि आमच्याकडच्या पावसात ती लवकर सडतात म्हणून मी घालत नाही. नागपूर, सोलापूरसारख्या कोरड्या हवेत राहत असाल तर उलट करा, साल आणि सोडणं जास्त, कोळसा-विटा कमी. दुसऱ्या गावाची रेसिपी जशीच्या तशी उचलली की झाड मरतं, मिश्रणाचं प्रमाण आपल्या हवेवर ठरतं.

काढण्याच्या तासभर आधी झाडाला भरपूर पाणी दिलं, ओली मुळं लवचिक होतात, कोरडी मोडतात. तरी मातीच्या कुंडीला मुळं अशी चिकटतात की ओढून सुटत नाहीत. बाहेरच्या बाजूची मुळं पातळ सुरीने हळूहळू सोडवली, आणि मग मी सरळ कुंडी फोडली. हातोडीने बाजूला हलके ठोके, दोन-तीन खापऱ्या झाल्या की बास. जी खापरी मुळाला सुटता सुटली नाही ती तशीच राहू दिली, खापरीसकट नव्या कुंडीत बसवली, मुळाला त्याचं काहीच वाटत नाही. कुंडी शंभर-दीडशे रुपयांची आहे, मूळ परत येत नाही.

मग सफाई, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. मूळ बोटात धरून हलकं दाबायचं. टणक असेल तर जिवंत, मग ते तपकिरी का दिसेना. पोकळ, चपटं, आणि ओढल्यावर वरचं साल निघून आत नुसती तार राहत असेल तर मेलेलं, कापा. बल्बवरची कागदासारखी सुकलेली आवरणं सोलून काढा, कारण त्याच्याखालीच खवले कीड आणि पिठ्या ढेकूण लपतात, मला या वेळी दोन बल्बवर पांढरे ठिपके सापडलेच, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढले. कात्री-ब्लेड गॅसच्या बर्नरवर लाल होईपर्यंत तापवून, गार करून वापरायचं, आणि दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी परत तापवायचं. हे सोवळं उगाच नाही, ऑर्किडचे दोन मुख्य व्हायरस रसावाटे एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना औषध नाही. एका ब्लेडने अख्खी बाल्कनी आजारी पडू शकते.

चौदा बल्बचे भाग करायचे का? माझं मत, गरज नसेल तर करू नका. लोक एका झाडाची चार झाडं करायला बघतात, आणि मग चारही जण दोन-दोन वर्षं फुलत नाहीत. मोठं झाड एकत्र ठेवलं तर त्याला दोन-तीन बाजूंनी फुटवे येतात आणि दिवाळीच्या सुमारास एकाच वेळी सहा-सात फुलं, एकेक फूल पसरलेल्या पंजाएवढं. पण हिचा मधला भाग उघडा पडला होता आणि मागचे बल्ब पार एका कोपऱ्यात, म्हणून एकच काप घेतला. पुढे दहा, मागे चार. किमान तीन-चार बल्ब एका तुकड्यात हवेतच. कापल्यावर आडव्या खोडाचा काप नीट बघा, तो स्वच्छ पांढरट हवा. जांभळी किंवा तपकिरी कडी दिसली तर आत फ्युजेरियम बुरशी आहे, ब्लेड तापवून अजून पुढे कापा, स्वच्छ काप दिसेपर्यंत. कापावर दालचिनीची पूड लावतात, मीही लावते, ती जखम कोरडी करते, पण मुळांवर पडू देऊ नका, त्यांनाही ती कोरडंच करते.

कुंडी किती मोठी? पुढच्या दोन, फार तर तीन बल्बना जागा होईल एवढीच. मोठी कुंडी म्हणजे मधोमध न सुकणारं मिश्रण. बुडाला आणि बाजूंना भोकं असलेली मातीची कुंडी, झाडाची मागची बाजू काठाला टेकवून, पुढे चालणारी बाजू मधल्या मोकळ्या जागेकडे. आडवं खोड मिश्रणाच्या वर दिसलं पाहिजे, पुरलं की डोळे कुजतात. तुकडे काडीने खुपसून घट्ट भरायचे, कारण झाड हललं की मुळांची कोवळी टोकं घासून मरतात. मी काठी लावून बल्ब सुतळीने बांधते, आणि शेवटी बल्ब धरून सगळं हळूच उचलून बघते, कुंडी झाडासकट उचलली गेली तर घट्ट बसलंय.

पुढचे आठ-दहा दिवस सावली, सकाळी पानांवर आणि बाहेरच्या मुळांवर हलका फवारा, कुंडीत पाणी जवळजवळ नाही. मुळं ओल्याकडे धावतात, म्हणून थोडी तहान लागू द्यायची. बल्ब थोडे सुरकुततील, घाबरू नका. नवीन मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की नेहमीचं पाणी, आणि त्यानंतरच खत. खत म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं ते जड असतं, त्या महिन्यांत मी खत आणखी कमी करते.

ऊन पानांवरून ओळखा. गडद हिरवं चकचकीत पान दिसायला छान, पण ते झाड फुलत नाही, त्याला उजेड कमी पडतोय. पान पोपटीकडे झुकलेलं हवं. दुपारी पान हाताला गरम लागलं तर मात्र ५० टक्क्यांची शेडनेट लावा. आणि ही झाडं निवडुंगासारखी रात्री रंध्रं उघडतात, दिवसा पाणी वाचवतात, त्यामुळे रात्रीची हवा थोडी गार आणि खेळती असणं त्यांना मानवतं, बंद हॉलमध्ये एसीखाली ठेवू नका. पावसाळ्यात पावसाचं पाणी उत्तम, पण फुटव्याच्या कोवळ्या पानांच्या खोबणीत साचून राहिलं तर काळी कुज लागते आणि ती दोन दिवसांत बल्ब खाते. सलग झड लागली की मी कुंड्या आत भिंतीकडे ओढते आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचते, त्यांना मुळांची हिरवी टोकंच आवडतात.

आता पाच महिने झाले. पुढच्या दहा बल्बच्या तुकड्याची मुळं कुंडीच्या भोकांतून बाहेर डोकावतायत, नवा बल्ब आधीच्याहून जाड झालाय आणि पानाच्या बुडाशी हिरवी शीथ दिसायला लागलीये, कळी याच्या आतूनच वर येते. मागचे चार बल्ब मूठभर ओल्या मॉसबरोबर भोकं पाडलेल्या पारदर्शक पिशवीत सावलीला टांगले होते. चार महिने काही नाही. मग नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात दुसऱ्या बल्बच्या पायथ्याचा झोपलेला डोळा फुगला, आता तो करंगळीच्या नखाएवढा आहे. त्याला मुळं फुटली की चार इंची कुंडी, आणि फूल बघायला अजून दोन-तीन वर्षं. बहिणीने आत्ताच सांगून ठेवलंय की तो तुकडा नाशिकला तिच्याकडे जाणार, तिची हवा कोरडी आहे, म्हणून तिच्यासाठी साल जास्त घातलेलं मिश्रण वेगळं भिजवायचंय.